भोपळा, भडंग आणि बार्शी लाइट

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, शाळेने काय दिलं ते लिहा, असा निरोप आला. शिस्त, संस्कार, प्रार्थना आणि कवायत यांवर माझ्या वर्गातले दोघे-तिघे लिहिणारच आहेत आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. कवायतीला मी कायम मागच्या रांगेत असायची. मी लिहिणार आहे ऑफ तासांबद्दल.

आमची १९८५ ची दहावी. कुणी शिक्षक रजेवर असले की त्या तासाला विज्ञानाचे सर यायचे. हातात खडू नाही, पुस्तक नाही. खुर्ची ओढून खिडकीशी घ्यायची आणि विचारायचं, "बोला, आज कशावर भांडायचं?" 'विज्ञान शाप की वरदान' छापाचे विषय त्यांना चालत नसत. त्यावर दोन्ही बाजूंची भाषणं पाठ करून येता येतं, असं त्यांचं म्हणणं. विषय असा हवा की घरी कुणाला विचारूनही उपयोग होऊ नये.

गाजला तो भडंगाचा वाद. भडंग, म्हणजे तिखट फोडणीचे चुरमुरे, हा चिवडा आहे की नाही? आमच्या वर्गात बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराचा मुलगा होता. त्याच्या मते प्रश्नच नव्हता. दुकानात भडंगाची बरणी चिवड्याच्या बरणीशेजारी असते, म्हणजे चिवडाच. मुलींच्या बाजूने हरकत आली की पोहे नाहीत तर चिवडा कसला? त्यावर त्याने विचारलं, "मग बटाट्याचा चिवडा? मक्याचा?" बाजू ढासळली. मग कुणीतरी म्हणालं, कोरडं, फोडणीचं, मुठीने खायचं आणि चार दिवस टिकणारं ते चिवडा. हे सगळ्यांना पटतंय असं दिसताच सरांनी खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "त्यात कांदा चिरून घातला, लिंबू पिळलं, कोथिंबीर टाकली. आता?" आता भेळ. "कांद्याच्या कितव्या फोडीला भेळ झाली?" तास संपल्याची घंटा झाली तरी आम्ही फोडीच मोजत होतो.

सर निकाल द्यायचे नाहीत. एकच विचारायचे, "विचारतंय कोण?" दुकानदार विचारत असेल तर बरणी कुठे ठेवायची ते महत्त्वाचं. आई विचारत असेल तर सादळतं का ते महत्त्वाचं. हे पहिल्यांदा ऐकताना पळवाट वाटली होती. भोपळ्याच्या दिवशी ती पळवाट नाही हे कळलं. भोपळा फळ की भाजी, असा विषय होता. एका गटाने बिया दाखवून फळ म्हटलं, दुसऱ्याने मोहरीची फोडणी दाखवून भाजी म्हटलं. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्या घरातला एक मुलगा शेवटच्या बाकावरून म्हणाला, "सर, आमच्या घरी भोपळा म्हणजे तंबोरा." पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे ते कडू भोपळे त्याच्या घरी माळ्याला टांगलेले असत, वर्षानुवर्षं सुकवलेले. त्याला कुणी खायची गोष्ट समजतं हेच त्याला नवल. दोन्ही गट गप्प.

या भांडणांत एकदा मराठीच्या बाईही ओढल्या गेल्या. संकष्टी होती, बाईंच्या डब्यात भगर होती, आणि आम्ही विचारायला गेलो की भगर धान्य नाही का? सरांनी तेवढ्यात फळ्यावर भात, गहू, ज्वारी आणि भगर ओळीने लिहून वर एकच शब्द लिहिला होता: गवत. चारही गवताच्या कुळातली. राजगिरा त्या कुळातला नाही, शिंगाडा तर पाण्यात वाढतो, ते सुटले. पण भगरीला सुटका नव्हती. (२०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष झालं, तेव्हा ज्वारी-बाजरीबरोबर भगरीचाही सत्कार झाला, मला सरांचा फळा आठवला.) पुढे सर म्हणाले, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, चारही मूळची अमेरिका खंडांतली. पोर्तुगीज यायच्या आधी यातलं आपल्याकडे काही नव्हतं. "मग तेव्हा एकादशीला खायचे काय?" कुणीतरी विचारलं. बाई डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "खायचे नाहीत. त्यालाच उपवास म्हणतात."

त्यावर तंतुवाद्यवाला हसून म्हणाला, "आमच्यात बरं आहे. काय चालतं हा प्रश्नच नाही. दिवसभर काहीच नाही, सूर्य बुडाला की सगळं." आणि इथून वाद खाण्यातून उठून प्रकाशात गेला, तो आमच्या वर्गात पुढे कायमचा राहिला.

दहावीची सुरुवात होती, जून महिना, रोजे चालू होते. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात हे नुकतंच शिकवून झालं होतं. वर्गातला हुशार मुलगा उठला. त्याचं म्हणणं असं की आपल्याला दिसतो तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा. म्हणजे तो बुडताना दिसतो तेव्हा खरा केव्हाच बुडालेला असतो. "हा उगाच आठ मिनिटं जास्त उपाशी राहतो!" वर्गाने टेबलं वाजवली. भुकेलेल्याचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता.

सरांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, "बुडतो म्हणजे कोण हलतं?" पृथ्वी. "मग सूर्याला आठ मिनिटांपूर्वी काय झालं होतं?" काहीच नाही. तो होता तिथेच होता. किरण आठ मिनिटांपूर्वी निघाले, वाटेत होते, इथवर पोचलेही असते. पण तेवढ्यात आपली जमीन फिरून मध्ये आली. मावळणं तिकडे घडतच नाही, इथे आपल्या क्षितिजावर घडतं. त्याची बातमी यायला आठ मिनिटं कशाला लागतील? सूर्य अचानक विझला तर मात्र आठ मिनिटं वीस सेकंद पत्ता लागणार नाही. विझणं त्याचं आहे, मावळणं आपलं.

हे कोडं मी आजवर कितीतरी शिकलेल्या माणसांना घालून पाहिलं आहे आणि जवळजवळ सगळे त्या हुशार मुलाच्या बाजूने जातात. स्वतः इंजिनिअर असलेले तर जास्तच जोरात.

पण सर तिथे थांबले नाहीत. सूर्य उशिरा मावळताना दिसतो हे खरं आहे, म्हणाले, फक्त कारण वेगळं. क्षितिजाजवळ हवा किरणांना वाकवते, साधारण अर्ध्या अंशाने, म्हणजे सूर्याच्या बिंबाएवढ्या अंतराने वर उचलून दाखवते. बिंबाची खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते तेव्हा हवा नसती तर अख्खं बिंब खाली गेलेलं असतं. दोन मिनिटांहून थोडा जास्तच फरक. "दोन मिनिटांचं चालेल," तंतुवाद्यवाला म्हणाला, "आणि तसंही सर, आभाळ आलंय. सूर्य दिसतोय कुठे? आम्ही मशिदीच्या भोंग्यावर सोडतो."

मिरज म्हणजे रेल्वे. त्या काळात आमच्या स्टेशनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते, आणि पंढरपूरकडे जाणारी नॅरोगेज गाडी म्हणजे बार्शी लाइट. त्यामुळे सरांनी 'लाइटचा स्पीड' म्हटलं की मागून कुणीतरी हमखास विचारायचं, "कुठला सर? बार्शी लाइटचा?" तिचा रखडता वेग ज्यांनी अनुभवलाय त्यांना यातला विनोद सांगायला नको.

साहजिकच कोडी गाड्यांचीच असायची. महालक्ष्मी एक्सप्रेस प्रकाशाच्या अर्ध्या वेगाने निघाली, समोरून दुसरी तेवढ्याच वेगाने आली, तर एकीतून दुसरी किती वेगाने येताना दिसेल? अर्धा अधिक अर्धा, पूर्ण. सर म्हणाले, नाही, चार पंचमांश. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये वेग मिळवायची जी रीत दिली त्यात साधी बेरीज करून तिला एकाहून थोड्या मोठ्या आकड्याने भागायचं; इथे एकाला सव्वाने भागायचं. दुकानदाराचा मुलगा भडकला. "माझ्या तराजूत अर्धा किलो आणि अर्धा किलो मिळून किलोच होतो!" सरांनी त्याला शंभर किलोमीटर वेगाच्या दोन खऱ्या गाड्या दिल्या आणि हिशोब करायला बसवलं. दोनशेच्या उत्तरात जी तूट आली तिच्यात दशांश चिन्हानंतर अकरा शून्यं आणि मग पहिला आकडा. "एवढी तूट गिऱ्हाइकाला चालते," त्याने कबूल केलं.

मग बॅटरीचं कोडं. रात्री चंद्रावर बॅटरीचा झोत मारला आणि मनगट सेकंदात काटकोनातून फिरवलं. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर लांब, म्हणजे त्या अंतरावर झोताचा ठिपका सेकंदाला सहा लाख किलोमीटर पळणार. प्रकाशाच्या दुप्पट! आमच्या साध्या बॅटरीचा उजेड समोरच्या वाड्यापर्यंत पोचायची मारामार, पण ते सोडा, तत्त्वाचा प्रश्न होता. प्रकाशाहून वेगाने काही जात नाही हा नियम मोडला की नाही? इथे सरांनी मला कायमचं जिंकलं. विचारलं, "ठिपका ही वस्तू आहे का?" चंद्राच्या डाव्या कडेवरून उजव्या कडेवर काहीच गेलेलं नाही. डावीकडे पडलेले किरण इथून निघाले होते, उजवीकडे पडलेलेही इथूनच. डावीकडे बसलेल्या माणसाला ठिपक्याबरोबर उजवीकडच्याला चिठ्ठी पाठवता येणार नाही. बंदी आहे ती कशालातरी वाहून नेण्यावर. ठिपक्याला हवं तेवढं पळू दे. भडंग चिवडा आहे का यावर तासन्‌तास भांडलेल्या मुलांना हा प्रश्न ओळखीचा होता, फक्त इथे 'विचारतंय कोण' चालत नव्हतं. पदार्थाची बरणी बदलता येते. चिठ्ठी एकतर पोचते नाहीतर नाही.

लोखंडी गजाचं कोडं त्याच्याच पाठोपाठ आलं. चंद्रापर्यंत लांब गज घेतला आणि इकडून ढकलला, तर तिकडचं टोक त्याच क्षणी हलेल ना? आमच्यातले जे रुळाला कान लावून गाडी यायच्या आधी तिचा आवाज ऐकायचे (हे आता कुणी करू नये), त्यांना उत्तर आपोआप सुचलं. ढकलणं म्हणजे लोखंडातला आवाजच, आणि तो सेकंदाला पाचएक किलोमीटर जातो. तिकडचं टोक हलायला एकवीस तास लागतील. प्रकाश सव्वा सेकंदात पोचलेला असेल.

पुढे मी ऑप्टिकल फायबरच्या कामात गेले. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच जातो, आणि अमुक मिलिसेकंदांच्या आत उत्तर आलंच पाहिजे म्हणून हटून बसलेल्या ग्राहकांसमोर मी हा आकडा ठेवते. ते किंमत कमी करून मागतात तसा हाही कमी करून मागतात.

खाण्याचे वाद मात्र मोठ्या माणसांच्या जगात फार गंभीरपणे चाललेले दिसले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ मध्ये टोमॅटोला भाजी ठरवलं, कारण आयात भाजीवर दहा टक्के जकात होती आणि फळावर नव्हती. वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, लोक तो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही. इंग्लंडमध्ये १९९१ साली जाफा केक हा केक की बिस्किट यावर करविषयक न्यायाधिकरण बसलं. तिथला एक मुद्दा वाचून मला खुर्चीवरून उठावंसं वाटलं: शिळा झाला की केक कडक होतो आणि बिस्किट मऊ पडतं. सादळतं का, हाच प्रश्न! जाफा केक कडक होतो, म्हणून केक. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने खुलासा केला की खारं पॉपकॉर्न वेगळं आणि कॅरॅमलचं वेगळं, तेव्हा एकावर सुटं असेल तर ५ टक्के, पाकिटात १२, दुसऱ्यावर १८. त्या रात्री किराणावाल्याचा फोन आला. "बरणीच महत्त्वाची, मी तेव्हाच म्हटलं होतं."

गेल्या वर्षी आमच्या तुकडीचा मेळावा झाला, सर आले होते. वय झालंय, कान थोडे कमी, पण खुर्ची खिडकीशीच. मी त्यांना आठवण दिली की आम्ही नववीत असताना, ऑक्टोबर १९८३ मध्ये, पॅरिसच्या परिषदेने मीटरची व्याख्याच प्रकाशावर बांधली. तेव्हापासून प्रकाशाचा वेग नेमका २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद आहे, आता तो आकडा मोजायचा उरला नाही, लांबीच त्याच्यावरून काढायची. सर म्हणाले, "ते जाऊ दे. तो वेग मोजला होता तो जाताना की येताना?"

आरसा ठेवून, जाऊन-येऊन. मिरजेतून कोल्हापूरला किरण पाठवला, तिकडच्या आरशावरून परत आला, जेमतेम पन्नास किलोमीटरचे दुप्पट, मिलिसेकंदाचा एक तृतीयांश. नुसतं जातानाचं मोजायचं तर कोल्हापुरात दुसरं घड्याळ हवं, ते मिरजेच्या घड्याळाशी जुळवायला हवं, आणि जुळवायला इशारा पाठवायचा तर तो किती वेगाने गेला हे आधी माहीत हवं. कुणी म्हणालं, घड्याळ इथे जुळवून बार्शी लाइटने सावकाश नेऊ. सरांनी मान हलवली. सावकाश नेलेलं घड्याळ जुळलेलंच राहिलं असं धरताना तेच गृहीत मागच्या दाराने आत येतं. आइन्स्टाइनने दोन्ही दिशांचा वेग सारखा मानला तो मोजून नव्हे, तशी व्याख्या करून.

किराणावाला इतका वेळ ऐकत होता. "म्हणजे सर, जातानाचा वेग ठरावाने मंजूर?"

"ठरावानेच."

"सूचक आइन्स्टाइन. अनुमोदक कोण?"

तंतुवाद्यवाल्याने हात वर केला.