सकाळीही भरलेली अन्नपिशवी : आमच्या कोंबडीच्या आजारपणाचा अनुभव

सोलापूरच्या पूर्व भागातील आमच्या घरामागच्या अंगणात काही गावरान कोंबड्या आहेत. त्यांतील तांबडी कोंबडी उन्हाळ्याच्या तोंडावर दाणे टिपेनाशी झाली, मान सारखी ताणू लागली आणि पिसे फुलवून कोपऱ्यात बसू लागली. कोंबडी मलूल दिसली की आमच्याकडे पहिले नाव मानमोडीचे, म्हणजे राणीखेत या साथीच्या रोगाचे, निघते. परंतु बाकीच्या कोंबड्या धडधाकट होत्या आणि हिच्या छातीवर, उजव्या अंगाला, फुगवटा स्पष्ट दिसत होता.

टिपलेले दाणे आधी गळ्याच्या पायथ्याशी असलेल्या अन्नपिशवीत साठतात, तेथे भिजतात आणि मग पेट्यात, म्हणजे स्नायूंच्या जाड जठरात, जाऊन बारीक खड्यांच्या साहाय्याने दळले जातात. संध्याकाळी ही पिशवी टम्म असणे स्वाभाविक असल्याने त्या वेळी चाचपून काही कळत नाही. खरी परीक्षा पहाटे, दाणे टाकण्यापूर्वी होते. म्हणून मी तिला रात्रभर केवळ पाण्यावर डालग्याखाली ठेवले. पहाटे पिशवी तशीच भरलेली होती आणि बोटांना घट्ट मळलेल्या कणकेसारखी लागली. ती लिबलिबीत असती आणि चोचीला आंबूस वास येत असता, तर बुरशीच्या संसर्गाचा संशय घ्यावा लागला असता व उपचारही निराळे झाले असते.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पाय धरून उलटी कर अन् झटक, समदं भाईर पडतंय बघ." हा उपाय सर्रास केला जातो, पण तो मला मुळीच मान्य नाही. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते आणि उलटून आलेले पाणी त्यात उतरले, तर ती हातातच दगावू शकते.

त्याऐवजी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतले, चोचीच्या कडेने खोबरेलाचे थेंब सोडले आणि गोळा बोटांनी हलकेच चोळत राहिले. निव्वळ गवताचा गोळा असल्यास तो पुष्कळदा अशाने सुटतो. इथे मात्र तो तसूभरही हलला नाही, आणि पुन्हा तेल देण्यासाठी चोच उघडली तेव्हा जिभेच्या बुडाशी निळ्या सुताचा ताणलेला धागा दिसला. आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. तुटक्या सुताची टोके वाऱ्याबरोबर अंगणात येतात आणि कोंबड्या ती किडे समजून टिपतात. धागा ओढण्याचा मोह आवरला, कारण ताणलेले सूत अन्ननलिकेला आतून कापू शकते, आणि तिला तशीच पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली.

डॉक्टरांनी धागा जिभेपाशी कात्रीने कापला, छातीवरील पिसे काढून जागा बधिर केली आणि लहानशी चीर घेतली. चिमट्याला लागून वाळके गवत आणि सूत यांचा ओला, दुर्गंधीयुक्त गुंता बाहेर आला. पिशवी धुऊन झाल्यावर पिशवीला आणि कातडीला निरनिराळे टाके घातले. या सगळ्यात तिने फारशी धडपड केली नाही. माझेच हात थरथरत होते.

पुढची निगा अधिक किचकट ठरली. जखम दिसली की इतर कोंबड्या तिथेच टोचतात, म्हणून तिला सावलीत वेगळे ठेवले. पिशवीवर ताण येऊ नये यासाठी ज्वारीच्या पिठाची पातळ पेज आणि कुस्करलेले उकडलेले अंडे थोडे थोडे, परंतु वरचेवर दिले. रोज पहाटे मी पिशवी अलगद चाचपत असे. ती रिकामी व सैल लागू लागल्यावरच आधी भरड आणि नंतर अख्खी ज्वारी सुरू केली. अंगणात आता खडबडीत वाळूचे घमेले कायम असते आणि झाडताना सूत वेगळे वेचले जाते.

ती पुन्हा अंडी घालू लागली, तेव्हा औषधाचा अंश राहू नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंतची अंडी आम्ही खड्ड्यात पुरली. मावशींना ते अजूनही पटलेले नाही.