पिस्तूल कसं दिसावं हे ठरायच्या आधीची पिस्तुलं

जुन्या हँडगनचं वेड असलेल्या कुणालाही आवडती कुठली विचारलं की बहुतेक वेळा कोल्ट १९११ नाहीतर ल्युगर हेच उत्तर येतं आणि त्यात चूक काही नाही. १९११ तर जॉन ब्राउनिंगने असं काही जमवलं की अमेरिकन लष्कराने ते १९११ मध्ये स्वीकारलं आणि थेट १९८५ पर्यंत अधिकृत पिस्तूल म्हणून ठेवलं, आणि आजची कितीतरी पिस्तुलं अजूनही त्याच माणसाच्या कल्पनेवर चालतात, म्हणजे नळी किंचित खाली झुकते, स्लाइडपासून (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागापासून) सुटते आणि स्लाइड एकटी मागे जाते. पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या आधीच्या पंधरा-वीस वर्षांत.

त्या काळात झालं काय, तर धूर न करणारी नवी दारू आली. जुन्या काळ्या दारूने प्रत्येक गोळीमागे इतकी काजळी जमायची की बारीक हलणारे भाग पटापट जाम व्हायचे, त्यामुळे स्वतःच स्वतःला लोड करणारं पिस्तूल वगैरे विचार फार पुढे जातच नव्हते. नवी दारू आली आणि एकदम सगळी दारं उघडली, पण पिस्तूल कसं असावं, मॅगझिन कुठे असावं, गोळी सुटताना मागची बाजू कशाने बंद ठेवायची, हे काहीच ठरलेलं नव्हतं. त्यामुळे ज्याने त्याने आपापलं उत्तर काढलं आणि ती उत्तरं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. मला हेच सगळ्यात भारी वाटतं.

ल्युगरचंच बघा ना. त्याचं मूळ ह्यूगो बोर्शार्टच्या १८९३ च्या पिस्तुलात आहे, ते चालायचं चांगलं पण स्प्रिंगचं अख्खं घर मुठीच्या मागे बाहेर आलेलं, त्यामुळे हातात घ्यायला अवघड. गेओर्ग ल्युगरने ते आटोपशीर केलं, स्प्रिंग मुठीत घातली, मूठ तिरकी केली. स्विस लष्कराने ते १९०० मध्ये घेतलं, जर्मन नौदलाने १९०४ मध्ये आणि जर्मन सैन्याने १९०८ मध्ये. आतली युक्ती गुडघ्यासारखी आहे, पाय सरळ असला की अख्खा भार पेलतो पण गुडघा जरा वाकवला की लगेच दुमडतो, तसंच इथे गोळी सुटते तेव्हा सांधा सरळ असतो, नळी आणि सांधा दोन्ही मिळून थोडे मागे सरकतात, मग सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या गोल घुंड्या फ्रेमच्या उतारावर आपटतात आणि सांधा वर उडतो. स्लो मोशनमध्ये बघितलं की नजर हटत नाही. फक्त काडतूस जरा कमी ताकदीचं असलं की ते नाराज होतं, आणि भाग इतके एकेका पिस्तुलाला जुळवून बसवलेले असायचे की बारीक बारीक भागांवरसुद्धा सिरियल नंबरचे शेवटचे आकडे कोरलेले असतात, म्हणून संग्राहक आधी सगळे नंबर जुळतात का तेच बघतात.

माउझर सी९६ ही दुसरी तऱ्हा. फेडर्ले बंधूंनी ते ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात घडवलं. मॅगझिन चापाच्या पुढे, दहा गोळ्या वरून पट्टीने खाली ढकलायच्या, आणि लाकडी होल्स्टर मुठीच्या मागे अडकवला की तोच खांद्याला टेकवायचा दस्ता होतो. कित्येकांच्या मागच्या साइटवर हजार मीटरपर्यंतच्या खुणा आहेत, पिस्तुलावर! उघडून बघितलं तर आत एकही स्क्रू नाही, सगळे भाग एकमेकांत अडकून बसतात, स्क्रू आहे तो फक्त मुठीच्या लाकडाला. असं मशीनकाम त्या काळात पिस्तुलासाठी करायचं म्हणजे किती वेळ जात असेल विचार करा. चर्चिलने १८९८ च्या ओमदुरमानच्या लढाईत हेच वापरलं कारण खांद्याच्या जुन्या दुखापतीमुळे त्याला तलवार चालवणं जड जायचं.

पण माझं पहिलं प्रेम विचाराल तर वेब्ली-फॉस्बरी.

जॉर्ज फॉस्बरी हा ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेतला अधिकारी, १८६३ च्या अंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला. त्याला रिव्हॉल्व्हरच हवं होतं पण ऑटोमॅटिक हवं होतं. म्हणजे बघा, सगळे रिव्हॉल्व्हर सोडून पुढे निघालेले असताना हा माणूस म्हणतो गोळ्यांचा फिरता सिलिंडर ठेवा पण झटक्याची ताकद वाया घालवू नका. त्याने काय केलं तर नळी, सिलिंडर आणि वरचा सगळा भाग मुठीवर सरकणारा केला. गोळी सुटली की अख्खा वरचा भाग मागे येतो आणि घोडा (चाप ओढला की आपटणारा हातोडा) चढवतो, मग स्प्रिंग त्याला परत पुढे ढकलते, आणि सिलिंडरवर बाहेरून कोरलेल्या वेड्यावाकड्या नागमोडी खाचा आहेत ना त्यात फ्रेममधली एक छोटीशी खुंटी फिरत असते, मागे जाताना अर्धं घर (एका गोळीची जागा म्हणजे एक घर) आणि पुढे येताना उरलेलं अर्धं असा सिलिंडर वळतो. वेगळा पंजा नाही, दातेरी चक्र नाही, सगळं काम त्या खाचेचं. शिवाय रिव्हॉल्व्हरला हाताने लावायचा सेफ्टी कॅच, जो क्वचितच दिसतो. वेब्ली या ब्रिटिश कंपनीने १९०१ पासून ते विकायला काढलं, .४५५ चं सहा गोळ्यांचं आणि .३८ चं आठ गोळ्यांचं. नेमबाजीच्या स्पर्धांत लोकांना फार आवडलं कारण चाप प्रत्येक वेळी हलकाच लागायचा. पण मूठ घट्ट धरली नाही तर वरचा भाग पूर्ण मागे जात नाही, आणि पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या चिखलात त्या उघड्या खाचा आणि सरकत्या पट्ट्या भरून जायच्या. लोक म्हणतात फसलेली कल्पना, मला ते पटत नाही, ज्या कामाला ते योग्य होतं ते काम त्याने उत्तम केलं.

नागांट १८९५ ची गोष्ट वेगळीच. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर आणि नळी यांच्यात बारीकशी फट असतेच, त्यातून थोडा गॅस बाजूला निसटतो, आणि बाकी बहुतेकांनी ते चालायचंच म्हणून सोडून दिलेलं. बेल्जियमच्या लिऑन नागांटने नाही सोडलं. त्याचं काडतूस बघितलं तर आधी वाटतं यात गोळीच नाही, कारण गोळी पितळेच्या पूर्ण आत बुडालेली असते आणि पितळेचं तोंड जरा निमुळतं करून पुढे काढलेलं असतं. घोडा चढवला की सिलिंडर आधी फिरतो आणि मग चक्क पुढे सरकून नळीला भिडतो, ते पितळेचं तोंड नळीत शिरतं आणि फट बंद. म्हणूनच सायलेन्सरचा खरा उपयोग होतो अशा अगदी मोजक्या रिव्हॉल्व्हरमध्ये त्याचं नाव येतं. याची किंमत बोटाला मोजावी लागते. एका संग्राहकाने मला त्याच्याकडचं रिकामं नागांट हातात दिलं होतं, घोडा न चढवता नुसता चाप ओढायला गेलो तर अर्ध्यावरच बोट थरथरायला लागलं, इतका जड. आणि सात रिकामी पितळं एकेक करून दांडीने बाहेर ढकलायची, तिकडे वेब्ली मधोमध वाकवून उघडलं की सगळी एकदम वर येतात. तरीही रशियाने ते दोन महायुद्धं वापरलं कारण ते क्वचितच बिघडायचं.

लमॅटचं नाव घेतल्याशिवाय यादी पूर्ण नाही, अमेरिकन यादवीतलं, नऊ गोळ्यांचा सिलिंडर आणि तो ज्या आसावर फिरतो तो आस म्हणजेच छर्ऱ्यांची जाड नळी, घोड्याचं टोक वळवून कुठली उडवायची ते ठरवायचं. सुंदर आहे, पण मला ते यंत्रापेक्षा जिद्दीचं काम जास्त वाटतं. १९६० च्या दशकातलं जायरोजेट मात्र खरंच विचित्र, त्यात गोळीच नाही, १३ मिलिमीटरचं छोटं रॉकेट आहे. घोडा रॉकेटच्या नाकावर पुढून मारतो आणि त्याला मागच्या स्थिर पिनवर आपटवतो, मग रॉकेट पेटून पुढे निघताना घोड्याला परत चढवत जातं. नळीतून निघताना वेग कमी आणि पुढे जाऊन वाढतो, म्हणजे नेहमीच्या बंदुकीच्या बरोब्बर उलटं. अचूकता काही जमली नाही.

फॉस्बरीची कल्पना मेली नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं. इटलीच्या एमिलियो गिझोनीने १९९० च्या दशकात मातेबा सिक्स उनिका काढलं, त्यातही वरचा भाग झटक्याने मागे सरकतो आणि सिलिंडर फिरतो. वर त्याने आणखी एक केलं, गोळी सिलिंडरच्या वरच्या घरातून न उडवता सगळ्यात खालच्या घरातून उडवली. त्यामुळे नळी हाताच्या जवळ येते, झटका सरळ मनगटात जातो आणि तोंड वर कमी उडतं. कियाप्पा ऱ्हायनो हेही त्याच माणसाचं, सरकणारा भाग काढून टाकला पण खालची नळी ठेवली. दिसायला दोन्ही ओबडधोबड म्हणणारे खूप आहेत, मला मात्र मातेबा जास्त आवडतं, ऱ्हायनो कितीही व्यवहारी असलं तरी.

यात जर्मनीच्या हेकलर अँड कोखचं, म्हणजे एच अँड केचं, पी७ राहिलं, मूठ दाबली की चढणारं आणि गोळीचाच गॅस पिस्टनमध्ये घेऊन स्लाइडला थोपवणारं. त्याच्यावर दोन ओळींत भागणार नाही, पुढची पोस्ट अख्खी त्याचीच.