नीळ जास्त झाली

"अगं, हा टीव्ही निळा पडलाय."

सासूबाईंनी हे पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी भेंडी चिरत होते. मान वर न करताच म्हणाले, "बघते हं." आमच्या घरात "बघते हं" म्हणजे बघणार नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच जरा मोठ्यानं म्हटलं. तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या घड्याळाला उद्देशून म्हणाल्या, "ज्यांचं पोट रंगांवर चालतं, त्यांनाच दिसत नाही." मग मात्र उठावं लागलं.

कारण खरंच माझं पोट रंगांवर चालतं. तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका छापखान्यात मी प्रीप्रेसला आहे. मशीनवर जायच्या आधी रंग बघायचे, हे काम. डब्यावरचं श्रीखंड जरा हिरव्याकडे झुकलं की ते आंबलेलं दिसतं आणि पार्टी माल परत पाठवते. म्हणून प्रूफ कुठंही बघायचं नाही, ठरलेल्या दिव्याच्या पेटीतच धरायचं. त्या दिव्याचा उजेड ५००० केल्विनचा; केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप. साहेबांच्या केबिनमधल्या उजेडात पास झालेलं प्रूफ मी पास धरत नाही, एवढा माझा तिथं दरारा. अशा बाईच्या घरात टीव्ही निळा पडावा, आणि तो तिच्याआधी सासूबाईंना दिसावा! त्याही नुकतंच उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या.

नवरा पंधरा दिवस पुण्याला कामावर होता. रिमोट माझ्याच हातात.

सेटिंग उघडून पाहिलं आणि वाटलं, सासूबाईंचं बरोबरच आहे की. टीव्ही घेऊन सहा महिने झाले, पण पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वर, म्हणजे दुकानात ओळीनं लावलेल्या टीव्हींमध्ये गिऱ्हाइकाची मान आपल्याकडे वळावी म्हणून असतो, त्यावर. आणि कलर टेम्परेचर 'कूल'. या केल्विनचं गणित उफराटं आहे, आकडा वाढेल तसा उजेड थंड आणि निळा होत जातो. जुना पिवळा बल्ब २७००च्या आसपास. टीव्हीच्या पांढऱ्याचं प्रमाण ६५००, त्याला डी ६५ म्हणतात. युरोपातल्या दुपारच्या सरासरी उजेडावरून ते बेतलेलं. नेरूळमधल्या जुलैच्या दुपारी कुणी मोजायला आलं नव्हतं. आणि 'कूल'वर टाकलेला टीव्ही सहज ९०००च्या पुढे जातो.

का, ते सांगायला आईच्या घरची मोरी आठवली तरी पुरे. पांढरं कापड जुनं होईल तसं पिवळं पडतं आणि साबणानं ते पिवळेपण जात नाही. म्हणून शेवटच्या पाण्यात नीळ. नीळ मळ काढत नाही, नुसती पिवळ्यावर जाऊन बसते आणि डोळ्याला वाटतं, काय शुभ्र धुतलंय! टीव्ही कंपन्याही पांढऱ्याला नीळच घालतात. शेजारच्या टीव्हीपेक्षा आपला पांढरा जास्त पांढरा दिसला की माल खपतो.

मी मोड 'सिनेमा'वर नेला आणि कलर टेम्परेचर 'वॉर्म'वर. क्षणात बातम्या देणाऱ्या मुलीला हळद लागली. सगळ्यांना पहिल्यांदा असंच वाटतं. दोन दिवस कळ काढायची, डोळा त्याच पांढऱ्याला पांढरं म्हणायला लागतो, आणि मग जुनं सेटिंग लावलं तर चेहरे बर्फातून काढल्यासारखे दिसतात.

हात घातलाच होता, म्हणून बाकीचंही काढलं. शार्पनेस पार वर होता, त्यामुळे त्या मुलीच्या केसांभोवती आणि टिकलीभोवती पांढरी बारीक रेघ उमटत होती. मला इतके दिवस ती पार्लरची करामत वाटायची. शार्पनेस खाली आणला, रेघ गेली. रात्रीचे प्रसंग धुक्यात घडल्यासारखे दिसायचे, ते दुखणं वेगळंच निघालं. टीव्हीच्या सिग्नलमध्ये काळ्याचा आकडा १६ आणि पांढऱ्याचा २३५. संगणक मोजतो ० ते २५५. सेट-टॉप बॉक्स १६ला काळं म्हणत होता आणि टीव्ही त्याच १६ला राखाडी समजून दाखवत होता. नवरा-बायकोत होतं तसंच, दोघंही आपापल्या जागी बरोबर. टीव्हीचं एक सेटिंग बदललं आणि मालिकेतल्या वाड्यात खराखुरा अंधार पडला.

रंगाची मात्रा बघायला जुनी युक्ती केली. रंगीत पट्ट्यांचं चित्र लावायचं आणि निळ्या फिल्टरमधून बघायचं. पांढरी आणि निळी पट्टी सारख्याच उजळ दिसल्या की मात्रा बरोबर. फिल्टर कुठला असायला? रुखवताच्या सामानातून उरलेला निळा जिलेटीन पेपर होता, तो दुहेरी करून डोळ्यांवर धरला. त्यातून लालही दिसत होता आणि हिरवाही, म्हणजे उपयोग शून्य. मागून सासूबाई म्हणाल्या, "काय गं, ग्रहण आहे का आज?"

शेवटी खाडीच कामाला आली. बातम्यांत पाम बीच रोडपलीकडचे फ्लेमिंगो दाखवत होते, टीव्हीवर अगदी राणी कलरचे. मी त्याच सकाळी तलावाशी उभी राहून त्यांना पाहिलेलं. बहुतेक पांढरेच, पंखांशी आणि पायांशी गुलाबी. खातात त्या शेवाळातून आणि कोळंबीतून उतरतो तेवढाच रंग. पेपरात फोटो वाढवून छापतात हे मी जाणते, आम्हीच छापतो. तर फ्लेमिंगो पायरीवर येईपर्यंत मी रंग खाली उतरवला आणि रिमोट ठेवून दिला.

"आता कसा दिसतोय, आई?"

"निळा."

इथून पुढचा आठवडा मी सांगण्यासारखा नाही. 'वॉर्म'ची शेवटची पायरी गाठली. मला सगळी दुनिया चहात बुडवून काढल्यासारखी दिसायला लागली आणि त्यांना अजून निळी. त्यातही गंमत अशी, की दुपारी निळा असलेला टीव्ही संध्याकाळी साडेसातच्या मालिकेला बरा व्हायचा. "आता बघ, कसा छान झाला." मेकॅनिक आला की आपोआप चालणाऱ्या मिक्सरसारखं. मी म्हटलं, सापडलं! टीव्हीला उजेड ओळखणारा सेन्सर असतो, खोलीतला उजेड बदलला की तो चित्र फिरवतो. सेन्सर बंद केला. दुपारचे पडदे ओढले. ट्यूब बदलली. निळा तो निळाच.

आधी सासूबाईंना वाटायचं आपण सांगतो ते कुणी ऐकत नाही, आता वाटायला लागलं की मी मुद्दाम करते.

उलगडा झाला तो दोरीवरचे कपडे काढताना. पांढरा उशीचा अभ्रा हातात घेऊन त्या कामवाल्या मावशींवर घसरल्या, "किती नीळ घालायची ती? जास्त झाली की!" मावशी बघतच राहिल्या. आमच्या घरात नीळच नाही. वर्षानुवर्षं आणलेली नाही.

मी त्यांना खिडकीशी नेलं. अभ्रा उजेडात धरला. "उजवा डोळा झाका. आता?"

"आता... बरा आहे की. पिवळट आहे जरा."

"आता डावा झाका."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. हात बदलला, पुन्हा बदलला. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईचा चेहरा झोपाळ्यावर बसलेल्या मुलीसारखा झाला होता.

डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडत जातं आणि निळा उजेड अडवायला लागतं. इतकं सावकाश, की बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. मेंदू रोज थोडा हिशेब जुळवून घेतो. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवतात आणि अडलेला निळा एकदम आत येतो. सासूबाईंचा उजवा डोळा नवा, डावा अजून जुना. आणि साडेसातचं कोडं? त्या वेळी उजव्या डोळ्यात थेंब घालायचे असत. औषध वाहून जाऊ नये म्हणून त्या तो डोळा अर्धा तास घट्ट मिटून ठेवत. अख्खी मालिका डाव्या डोळ्यानं बघत होत्या.

ऑपरेशनच्या कागदात यातलं काही होतं की नाही कोण जाणे, मी फक्त थेंबांच्या वेळा वाचल्या होत्या. फोनवर डॉक्टर हसले. बऱ्याच जणांना असं वाटतं म्हणाले, काही आठवड्यांत सवय होते, आणि दुसरा डोळा झाला की दोन्हीकडचं पांढरं एक होईल.

त्यानंतर सासूबाईंना नवाच नाद लागला. घरातली एकेक वस्तू घ्यायची आणि आळीपाळीनं डोळा झाकायचा. वरण, कॅलेंडर, नवऱ्याचा लग्नातला फोटो. एका दुपारी त्यांनी कपाटातून मोतिया रंगाची साडी काढली. अकरा वर्षांपूर्वी दादरला घेतलेली. "ही पांढरी आहे?" मी म्हटलं, पहिल्यापासून पांढरीच आहे. "आणि मी हिच्यावर मोतिया ब्लाउज शिवला? तू तेव्हा काही बोलली नाहीस ती?" तेव्हा मला वाटलं होतं, ती त्यांची आवड.

मग म्हणाल्या, त्यांच्या चाळीत पहिला टीव्ही आला तो कृष्णधवल, समोर निळसर काच लावलेला. चाळीतल्या सगळ्यांना ती रंगीत टीव्हीची पायरी वाटायची. खरा रंग १९८२ साली आला, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी, आणि ज्यांच्याकडे तो होता त्यांनी रंगाचं बटण पिळून पिळून खेळाडूंना टोमॅटो केलं होतं. "पैसे मोजलेत तर रंग दिसायला नको?"

टीव्ही मी ६५००च्या आसपास आणून ठेवला, म्हणजे 'वॉर्म'ची मधली पायरी. डाव्या डोळ्याची तारीख जूनमधली मिळाली.

शनिवारी नवरा आला. बॅग ठेवली, पाणी प्यायला आणि टीव्हीसमोर बसला. पाच मिनिटांनी म्हणतो, "हा टीव्ही पिवळा का पडलाय?"

सासूबाई उजवा डोळा मिटून मालिका बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "अरे, डोळे दाखवून घे एकदा."