कोशिएनमध्ये ओरडायला शिकताना

जपानमधल्या कोबेत नोकरीला असताना कार्यालयातील सहकारी मला बेसबॉलच्या सामन्यांना निशिनोमियाच्या कोशिएन मैदानावर घेऊन जाऊ लागले. १९२४ मध्ये सुरू झालेले हे मैदान हान्शिन टायगर्स या संघाचे घर. तिथे उजवीकडच्या बाह्य प्रेक्षागारात पाहुण्या संघाचा पोशाख चालत नाही आणि गप्प बसलेला प्रेक्षकही उठून दिसतो, त्यामुळे आरोळ्या शिकणे भागच होते.

जपानीच्या वर्गात आमच्याकडून आदरार्थी क्रियापदे घोटून घेतली होती. इथे मात्र फलंदाज उभा राहताच सारा प्रेक्षागार त्याला सरळ आज्ञार्थात ‘कत्तोबासे’, म्हणजे आपल्या भाषेत ‘हाण जोरात’, असे बजावतो. शब्द लगेच पाठ झाला, ठेका मात्र जमेना. पाठीराख्यांचे संघटित पथक, ज्याला ओएंदान म्हणतात, ट्रम्पेट आणि ढोलांवर प्रत्येक फलंदाजाची वेगळी धून वाजवते आणि ती संपता संपता आरोळी व पाठोपाठ खेळाडूचे नाव यावे लागते. ओयामा या फलंदाजाच्या नावातला पहिला स्वर दीर्घ, म्हणून जपानी मोजणीने ते चार मात्रांचे: ‘ओ-ओ-या-मा’. शाळेत मात्रावृत्ते शिकल्याचा असा उपयोग होईल, असे वाटले नव्हते! शेजारच्या वयस्कर बाई हातातले प्लास्टिकचे दोन छोटे कर्णे एकमेकांवर आपटत, आणि नाव घ्यायची वेळ आली की त्यातलाच एक माझ्या कोपरावर हलकेच टेकवत.

प्रतिस्पर्धी फलंदाजीला आले की आमच्या बाजूची वाद्ये थांबतात. त्या शांततेत कोणी झेल सोडला, तर मागच्या रांगेतून कान्साई या इथल्या प्रदेशाच्या ठसक्यात ‘नानी यात्तोन्नेन’ ऐकू येते; ‘अरे, काय चाललंय काय?’ हा त्याचा सूर. हे चाहते स्वतःला कौतुकाने ‘तोराकिची’, म्हणजे वाघवेडे, म्हणवतात. पण त्यातला ‘किची’ वेडसरपणासाठीच्या हिणकस शब्दातून आलेला असल्याने मी तो त्यांच्याच तोंडी ठेवला.

शेवटच्या डावात आघाडीवर असताना प्रतिस्पर्ध्यांचे तीनपैकी दोन गडी बाद झाले की ‘आतो हितोरी’, अजून एकच, असा गजर सुरू होतो आणि त्या शेवटच्या फलंदाजाचे तीनपैकी दोन स्ट्राइक, म्हणजे चुकलेले चेंडू, झाल्यावर ‘आतो इक्क्यू’, अजून एकच चेंडू. हा हरणाऱ्याचा अपमान आहे, अशी टीका जपानमध्येही होते आणि मला ती पटते, म्हणून त्या वेळी मी नुसत्या टाळ्या वाजवतो.