वेढ्यातले खरेदीखत

बाबेलच्या बंदिवासातून यहूदी मायदेशी परततील, या बायबलमधल्या भाकितांचा विषय निघाला की बहुतेकांना यहेज्केलाची वाळलेल्या हाडांची दरी आठवते, नाहीतर यशयाच्या ४०व्या अध्यायातले सांत्वन. मला मात्र यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ३२व्या अध्यायातला जमिनीचा व्यवहार या साऱ्यांहून वरचढ वाटतो. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, म्हणजे कागदपत्रांना जिवापाड जपणाऱ्या मुलखातला, हेही त्याचे एक कारण असावे.

प्रसंग ख्रिस्तपूर्व ५८७च्या सुमाराचा आहे. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेने यहूदाची राजधानी यरुशलेमला वेढा घातला आहे, आणि शहर पडणार असे उघड सांगितल्याबद्दल यिर्मया यहूदाच्या राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. तेथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथचे शेत तू विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझाच आहे, असे सांगतो. भाऊबंदांच्या हक्काची ही भाषा आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. अनाथोथ हे यरुशलेमजवळचेच गाव. शत्रूची छावणी पडलेल्या मुलखातले शेत कोणता शहाणा माणूस घेईल? यिर्मया घेतो. तो १७ शेकेल, म्हणजे सुमारे दोनशे ग्रॅम, रुपे तराजूत तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि खरेदीखताच्या दोन्ही प्रती, एक मोहरबंद आणि एक उघडी, आपला लेखनिक बारूख याच्या हाती सोपवून त्या मातीच्या भांड्यात ठेवायला सांगतो, म्हणजे त्या पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे भाकीत या व्यवहाराला जोडूनच येते. विशेष म्हणजे कागद झाल्यावर यिर्मया स्वतःच देवाला विचारतो की नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चालले असताना तू मला शेत घ्यायला कसे सांगितलेस. सही आधी आणि शंका नंतर, हा क्रम मला फार खरा वाटतो.

आमच्या भागात १९५६पूर्वीची, मुंबई राज्याच्या काळातली मराठी खरेदीखते, क्वचित मोडीतलीही, घरोघरी कपाटाच्या तळाशी असतात आणि आजचा उतारा कन्नडमध्ये मिळतो. त्यामुळे सीमाभागातले काही जण आपली कहाणी थेट यहूद्यांच्या बंदिवासाशी जोडतात. ते मला पटत नाही. आमच्याकडे सीमारेषा हलली, माणसे आपापल्या गावातच राहिली. यहूदातल्या माणसांना उचलून बाबेलला नेले होते. दुखणी वेगळी आहेत, आणि ती एकाच मापाने मोजली तर दोन्हींवर अन्याय होतो.

त्या नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेले पत्र २९व्या अध्यायात आहे. हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सारे परत येईल असे सांगून टाळ्या मिळवत होता. यिर्मयाने सत्तर वर्षे सांगितली आणि तोवर घरे बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असेही लिहिले. लोकांनी हे मनावर घेतले असावे. बाबेलच्या परिसरात सापडलेल्या मृत्तिकापट्ट्यांवर यहूदी नावांची माणसे जमीन कसताना आणि कर भरताना दिसतात.

ख्रिस्तपूर्व ५३९मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतले आणि परतीची वाट मोकळी झाली. यशयाच्या ग्रंथात या परक्या राजाला परमेश्वराचा अभिषिक्त म्हटले आहे, ही त्या काळी अनेकांना न पचणारी गोष्ट असणार. १८७९मध्ये सापडलेल्या कोरेशाच्या मातीच्या दंडगोल लेखात देवमूर्ती आणि माणसे आपापल्या ठिकाणी परत पाठवल्याचा उल्लेख आहे, मात्र यरुशलेमचे नाव त्यात नाही. यरुशलेमच्या उद्ध्वस्त मंदिराचा नवा पाया घातला तेव्हा जुने मंदिर पाहिलेले म्हातारे रडले आणि इतर अनेकांनी जयघोष केला. दोन्ही आवाज वेगळे ओळखू येईनात, असे बायबलमधला एज्राचा ग्रंथ सांगतो.

परतणाऱ्यांची संख्या एज्राने ४२,३६० दिली आहे, आणि तिच्याबरोबरच वंशावळी न सापडलेल्यांची नोंदही ठेवली आहे. हक्कोसाच्या घराण्यासह तीन याजक, म्हणजे पुरोहित, घराण्यांची नावे नोंदवहीत मिळाली नाहीत म्हणून त्यांना याजकपणापासून दूर ठेवले गेले. भाकितात अशी अट कोठेच नव्हती. ती कचेरीत उगवली. पुढे यहूदाचा सुभेदार नहेम्या याच्या काळात यरुशलेमचा तट बांधणाऱ्यांच्या यादीत हक्कोसाच्या वंशातला मरेमोथ दोनदा भेटतो.

कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठी भाषक बेने इस्रायलांनाही याच प्रश्नाला सामोरे जावे लागले. पिढ्यानपिढ्या शनिवार पाळून तेलाचा घाणा चालवणाऱ्या, आणि म्हणून शनवार तेली म्हटल्या गेलेल्या या समाजाच्या वंशाची चौकशी तेथील धर्मपीठाने लग्नाच्या वेळी सुरू केली. त्यांनी धरणे धरले, आणि १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत यहूदीच आहेत असे जाहीर केले. समाजातले काही जण मात्र गेलेच नाहीत. मुंबई, ठाणे आणि अलिबागच्या परिसरात त्यांची घरे आजही आहेत, आणि यिर्मयाच्या पत्राला धरून पाहिले तर त्यांचेही काही चुकलेले नाही.