'क'च्या मागे काय आहे

शाळेत क, ख, ग, घ, ङ हे कंठ्य म्हणून पाठ होतात, पण ते गळ्यात तयार होत नाहीत. जिभेचा मागचा भाग उठून मऊ टाळूला टेकतो, तिथे होतात. जिभेचं टोक खालच्या दातांमागे बोटाने दाबून धरा: 'त' म्हणता येणार नाही, 'क' मात्र निघेल. 'काका'ला 'ताता' म्हणणाऱ्या मुलांकडून 'क' काढून घेताना हीच युक्ती वापरतात. मूल उताणं झोपलं तर जीभ आपोआप मागे पडते आणि काम आणखी सोपं होतं.

टेकण्याची जागा स्वरागणिक सरकते. 'की' म्हणायच्या तयारीत थांबा, मग 'कू'च्या. दुसऱ्या वेळी जीभ स्पष्टपणे मागे टेकलेली जाणवेल.

'ग' दिसतो सोपा, पण कंठ कंपत ठेवायचा तर हवा वाहती हवी, आणि तोंड तर बंद. 'ब'च्या वेळी गाल फुगून हवेला जागा देतात. 'ग'मागची पोकळी इवलीशी, ती लगेच भरते आणि कंपन थांबतं. थाई भाषेत 'ब' आणि 'ड' आहेत, 'ग' नाही, त्यामागे हे कारण असावं.

आता आणखी मागे. अरबीतला क़ (मराठीत नुक्ता लिहीत नाहीत, इथे सोयीसाठी घेतला आहे) पडजिभेपाशी होतो. 'कू'ची जागा धरा, ओठ गोल न करता जीभ आणखी मागे ओढा आणि 'आ'सोबत सोडा. आवाज जाड, खोल यायला हवा. सुरुवात 'क़ी'ने करू नका: 'ई' जिभेला पुढे खेचते आणि साधा 'क' हाती येतो. दुसरी चूक म्हणजे नुसता घसा आवळणं. त्याने आवाज अडतो, पण तो पडजिभेपाशी नव्हे, खाली स्वरतंतूंपाशी.

अरबीतला ख़ आणि आपला ख यांत लोक सर्रास गोंधळतात, आणि बहुतेक वेळा जोर वाढवून सुधारायला बघतात. जोराचा प्रश्नच नाही. 'ख'मध्ये वाट पूर्ण बंद होऊन हवेच्या झोतासह उघडते. ख़मध्ये ती बंदच होत नाही, फटीतून हवा घासत राहते. चाचणी सोपी आहे: तीन सेकंद लांबवता आला तर ख़. 'ख' लांबवायला गेलात तर मागे उरेल फक्त 'ह'. ख़ चालू असताना कंठ कंपवला की ग़ मिळतो.

अरबीतला ح ('हा' नावाचं अक्षर) मात्र टाळू-पडजीभ सोडून थेट घशातला आहे. काचेवर वाफ धरायला सोडतो तसा श्वास सोडा, आणि तो चालू असताना जिभेचं मूळ घशाच्या मागच्या भिंतीकडे न्या. आवाज कोरडा आणि स्वच्छ हवा. खरखर आली तर जीभ वर उठून ख़ झाला आहे. याच जागी कंठ कंपवला की ع ('ऐन' नावाचं अक्षर). तो 'आ' म्हणता म्हणता घसा अरुंद करून शोधावा, आधी आवळून नव्हे. सराव दोन-तीन मिनिटांचाच ठेवा. घसा खवखवायला लागला तर तुम्ही जिभेऐवजी स्वरतंतू दाबत आहात.