पिसदुऱ्याला जा, पण पॅकेज घेऊन जाऊ नका

नागपुरातून निघणाऱ्या सहलीच्या पॅकेजच्या जाहिरातीतल्या फोटोत लाल दऱ्या, सुळके आणि कपारी होत्या. खाली लिहिलं होतं, ‘विदर्भातलं बॅडलँड, एका दिवसात’. प्रत्यक्षात आम्हाला नेलं ते चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला. तिथे दरी नाही, सुळका नाही. सपाट वावरं, कपाशीची पराटी, तूर, आणि मधेमधे लाल-हिरवट चिकणमाती उघडी पडलेले पट्टे. दऱ्याखोऱ्या बघायच्या असतील तर नागपुरातून निघूच नका.

जीवाश्म बघायचे असतील तर मात्र नक्की जा. ही माती लमेटा थरांतली आहे, सुमारे 6.6 ते 7 कोटी वर्षांपूर्वीची, दख्खनचा लाव्हा पसरला त्या काळाच्या आसपासची. लांब मानेच्या शाकाहारी टायटॅनोसॉर डायनोसॉरची हाडं इथे मिळाली आहेत. कासवं, मासे, गोगलगायीही मिळाल्या आहेत. पण पिसदुऱ्याचं नाव जगभर झालं ते कॉप्रोलाइटमुळे, म्हणजे दगड झालेल्या विष्ठेमुळे. 2005 साली इथल्या कॉप्रोलाइटमध्ये गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडल्याचं जाहीर झालं. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं असंच बहुतेक जण धरून चालत. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या एका वावरातल्या शेणाने पृथ्वीवरच्या गवताचा इतिहास मागे नेला! त्या पट्ट्यावर उभं राहून हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

हे आम्हाला वाटाड्याने सांगितलं नाही. आमच्यातच भूशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापक बाई होत्या, त्यांनी सांगितलं. वाटाड्या चुन्याचे गोल गोटे उचलून ‘डायनोसॉरची अंडी’ म्हणून मुलांच्या हातात देत होता. बाईंनी एक गोटा फोडून दाखवला. आत कवच नाही, थर नाही, नुसता चुनखडीचा गोळा. हाडाचा तुकडा भिंगाखाली जाळीदार दिसतो. कॉप्रोलाइट लांबट असतो, मधे आवळल्यासारखा, आणि आकारानेच ओळखू येतो. त्यांनी एवढं शिकवल्यावर पाचेक मिनिटांत मुलं स्वतःच शोधायला लागली. डोंगरगाव तिथून फार लांब नाही. 1980च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी तिथे कवटी आणि मागचे पाय सोडले तर एका सॉरोपॉडचा, म्हणजे लांब मानेच्या डायनोसॉरचा, बराचसा सांगाडा उकरून काढला. आज तो आयसिसॉरस म्हणून ओळखला जातो. आमच्या वाटाड्याला डोंगरगावचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

आता पांदणीबद्दल, कारण खरी गोची तिथेच आहे. आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलो आणि दोन दिवसांपूर्वी पाऊस पडून गेला होता. पत्रकात ‘सोपी पायवाट’ म्हटलं होतं. गाडी गावातच थांबली आणि पुढे पांदण सुरू झाली. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे बैलगाडीच्या चाकोऱ्या, त्यात काळ्या मातीचा चिखल. ही माती बुटाला नुसती लागत नाही, थरावर थर चढते. दहा पावलांत प्रत्येक पाय दोन किलोचा होतो. खरवडायचं, दहा पावलं चालायचं, पुन्हा खरवडायचं. खोल नक्षीचे ट्रेकिंगचे बूट इथे सगळ्यात वाईट, नक्षीत चिखल गच्च बसतो. सँडल तर घालूच नका. एका काकांची सँडल चाकोरीत रुतून पट्ट्यासकट तुटली आणि ते पुढचं सगळं अनवाणी चालले, तेही बाभळीच्या काट्यांत. गमबूट उत्तम. मालकाला विचारून धुऱ्यावरच्या गवतातून चालता आलं तर त्याहून उत्तम. येताना पाय इतके भरून आले होते की मला गाडीत चढताना आधार लागला. दिवसाचा मोठा भाग त्या चिखलात गेला आणि जीवाश्मांच्या पट्ट्यावर जेमतेम तासभर मिळाला. त्यातही उभ्या पराटीमुळे निम्मी जमीन झाकलेली.

म्हणून महिना नीट निवडा. पराटीची उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की जमीन मोकळी होते आणि पांदण सुकते. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत जा. त्यानंतरचं ऊन सोसणार नाही, आणि वावरात सावली कुठेच नाही.

आणि पैसे. माणशी 3,200 रुपये घेतले. त्यात ‘स्थळ प्रवेश शुल्क’ 400 रुपये वेगळं दाखवलं होतं. तिथे फाटक नाही, तिकीटखिडकी नाही, पाटी नाही. ज्यांच्या वावरात आम्ही फिरत होतो ते दादा धुऱ्यावरच भेटले. त्यांना त्यातला एक रुपया मिळाला नव्हता, कुणी विचारलंही नव्हतं. ही लूट आहे, आणि ती आमच्यापेक्षा त्यांची जास्त. उभ्या पिकातून आमचा जथा नेला, तरी त्यांनी आम्हाला विहिरीचं पाणी दिलं. आम्ही काही जणांनी मिळून त्यांच्या हातात थोडे पैसे ठेवले, ते त्यांनी मोठ्या मुश्किलीने घेतले.

स्वतःहून जाणं सोपं आहे. नागपूर-चंद्रपूर महामार्गाने बुटीबोरी, जांबमार्गे वरोरा साधारण 100 किलोमीटर. गणेशपेठहून चंद्रपूरची एसटी वरोऱ्याला थांबते, पुढे रिक्षा ठरवा, पण परतीचंही भाडं आधीच बोलून घ्या. चौघांनी मिळून गाडी केली तर पॅकेजच्या निम्म्याहून कमी खर्च येतो. वाचलेल्या पैशांत भूशास्त्र शिकलेल्या कुणालातरी सोबत न्या, कारण जाणता माणूस नसेल तर तिथे नुसते दगड दिसतील. गावात शिरल्यावर आधी वावराच्या मालकाला विचारा. दगड बघा, फोटो काढा आणि जागच्या जागी ठेवा. आमच्यातल्या काहींनी पिशव्या भरल्या होत्या, बाईंनी त्या रिकाम्या करायला लावल्या. तुकडा कुठल्या थरात पडला होता हे एकदा हरवलं की अभ्यासाला त्याचा फारसा उपयोग उरत नाही.

शिदोरी आणि माणशी 3 लिटर पाणी घरूनच न्या. पॅकेजमधलं ‘वऱ्हाडी जेवण’ म्हणजे थंड पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, तीही दुपारी तीनला. वरोऱ्याचं आनंदवन त्याच दिवशी उरकायचा प्रयत्न करू नका. आणि पॅकेजवाले सिरोंच्याच्या वडधमचंही नाव घेत असतील, तर ते गडचिरोलीच्या पार दक्षिण टोकाला आहे. तिथले दगड झालेले वृक्ष बघायचे तर मुक्कामानेच जावं लागतं, एका दिवसात नेतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका.